कर्णनाद आणि अनाहत नाद

प्रवरेच्या कांठीं, नेवासा येथें, ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर महाराजांनीं शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, गीतेवरील आपली टीका सांगितली असें परंपरा मानते, तो ‘पैसाचा खांब’ आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिला असेल. करवीरेश्वराच्या अखंड दीपाच्या तेलासाठीं दिलेल्या दानाचा संस्कृत लेख त्यावर कोरलेला आहे. महाराज सांगत गेले, श्रोते ऐकत गेले, आणि सच्चिदानंदबाबांनीं तें लिहून घेतलें. श्रवणाचें एवढें मोठें स्थान महाराष्ट्रांत दुसरें क्वचितच असेल. परंतु एका निवांत दुपारीं आम्ही तेथें बसलों, तेव्हां आम्हांला ऐकूं आली ती आमच्याच कानांतील रातकिड्यांची किरकिर. गेलीं दोन वर्षें ती आमची पाठ सोडीत नाहीं.

बरोबरच्या स्नेह्यांनीं आमची समजूत घातली, ‘अहो, हा तर अनाहत नाद! योग्यांना कष्टानें साधतो, तो आपणांस घरबसल्या लाभला!’ स्थानमाहात्म्यामुळें क्षणभर तें खरें मानावेंसें वाटलें. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायांत कुंडलिनीच्या वर्णनांत अनाहताचा उल्लेख आहेच. हठयोगप्रदीपिकेंत स्वात्मारामानें समुद्र, मेघ व भेरी यांपासून वेणू, वीणा व भ्रमर यांपर्यंत सूक्ष्म होत जाणाऱ्या नादांची परंपरा सांगितली आहे. पण आमच्या वैद्यांनींही हे आवाज ओळखले होते. सुश्रुतसंहितेंतील अठ्ठावीस कर्णरोगांत कर्णनादाची गणना आहे. आणि माधवनिदानांत त्याचें लक्षण सांगतांना भेरी, मृदंग व शंख यांचेच ध्वनि दिले आहेत. योगी आणि रोगी यांच्या वर्णनांत वाद्यें तींच आहेत! भेद आहे तो ऐकणाऱ्यांत. योगी नादाच्या शोधांत जातो. रोग्याच्या मागें नाद लागतो. दुखण्याला सिद्धीचें नांव देऊन दुखणें हटत नाहीं, एवढें आम्हीं त्या स्नेह्यांना नम्रपणें सांगितलें.

हें दुखणें थोरांनाही चुकलें नाहीं. आपले कान रात्रंदिवस गुणगुणतात, असें बीथोव्हेननें १८०१ सालीं आपल्या डॉक्टर मित्राला कळविलें. बोहेमियाचा संगीतकार स्मेताना १८७४ सालीं बहिरा झाला. १८७६ सालच्या ‘माझ्या जीवनांतून’ या रचनेच्या शेवटच्या भागांत त्यानें कानांतला तो तीव्र स्वर व्हायोलिनवर उतरवून ठेवला.

आधुनिक शास्त्राचें म्हणणें असें कीं, वयानें किंवा गोंगाटानें अंतःकर्णांतील सूक्ष्म केसयुक्त पेशी झिजतात, बाहेरचा ध्वनि मेंदूपर्यंत कमी पोंचतो, आणि मेंदू आपली ग्रहणशक्ति वाढवून ती उणीव भरूं पाहतो. त्यांतून हा आवाज उपजतो. १९५३ सालीं हेलर व बर्गमन यांनीं चांगली श्रवणशक्ति असलेल्या ८० माणसांना ध्वनिरोधक खोलींत बसविलें, तों शेंकडा ९४ जणांना कसले ना कसले आवाज ऐकूं आले! म्हणजे पूर्ण शांततेंत बहुतेकांचा कान स्वतःशींच बोलतो. तो आवाज संकटाचा आहे असें मन धरून बसतें, तेव्हां तो छळूं लागतो.

आमची चूक येथेंच झाली होती. आवाज नकोसा झाला म्हणून आम्ही घरांत मुलांना गप्प बसवीत होतों, पंखा बंद करीत होतों, आणि रात्रभर त्या किरकिरीवर पहारा देत होतों. आतां उशाशीं रेडिओ अगदीं मंद ठेवतों आणि मुलांना मोकळें हसूं देतों. मात्र नाद एकाच कानांत असेल, नाडीबरोबर ठोके देत असेल, किंवा एकाएकीं बहिरेपणा आला असेल, तर विलंब न करतां डॉक्टरांना दाखवावें. क्विनीन व ॲस्पिरिन यांच्या मोठ्या मात्रेनेंही कान वाजतात, हें ध्यानांत असूं द्यावें.

त्या दिवशीं सायंकाळीं आम्ही प्रवरेच्या घाटावर येऊन बसलों. पाणी वाहत होतें, कोणी कपडे आपटीत होतें, पलीकडे गुरें परतत होतीं. बऱ्याच वेळानें आमच्या ध्यानांत आलें कीं, मधला घटकाभर आम्हांला आमच्या कानांची आठवणच झाली नव्हती.