कृत्तिका, रोहिणी आणि हरवलेलं लिथियम

अँड्र्यू स्कुमानिच यांचा १९७२ सालचा लेख जेमतेम तीन पानांचा आहे. पुरावा चार ठिकाणचा: कृत्तिका, सप्तर्षी, रोहिणी आणि सूर्य. बीदर जिल्ह्यातल्या दुबलगुंडीच्या शेतकऱ्याला ही नावं नवी नाहीत. कार्तिकात तिन्हीसांजेनंतर पूर्वेला कृत्तिका वर येतात, मागोमाग रोहिणी. (आपण रोहिणी म्हणून दाखवतो तो तांबूस तारा त्या गुच्छातला नव्हे, बराच अलीकडचा, पुरावा आहे तो मागच्या मंद ताऱ्यांचा.)

लेखाचं म्हणणं असं: ताऱ्याचं वय चौपट झालं की परिवलनाचा वेग निम्म्यावर येतो. लिथियमही रोहिणीच्या वयापर्यंत त्याच चालीनं घटतं, पुढे मात्र झपाट्यानं. चार बिंदूंवर एवढं विधान करणं धाडसाचं होतं; तरी परिवलनाचा तो नियम आजही त्यांच्याच नावानं ओळखला जातो.

लिथियम सुमारे २५ लाख अंशांना जळतं. सूर्याचा वरचा ढवळता थर तेवढ्या उष्णतेपर्यंत पोचत नाही. तरीही अशनींशी ताडून पाहता सूर्याच्या पृष्ठभागावरचं लिथियम शंभरपटीहून जास्त घटलेलं आहे. ते खाली नेतं कोण? संशय परिवलनावर.

तो तपासला बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेतल्या मलिक, पार्थसारथी आणि पती यांनी. त्यांच्या २००३ सालच्या लेखात १२७ तारे आहेत. आजच्या वेगाशी लिथियमचा थेट मेळ बसला नाही. तारा पूर्वी कसा फिरत आला, त्यावर ते ठरत असावं, असा निष्कर्ष निघाला. कृत्तिकांतल्या सूर्याहून थंड ताऱ्यांत तर वेगानं फिरणाऱ्यांकडेच लिथियम जास्त आढळलं होतं.

याच लेखातली एक कबुली मला निष्कर्षाइतकीच मोलाची वाटते. लिथियम ओळखायचं ते ६७०८ अँगस्ट्रॉमजवळच्या एका बारीक काळ्या रेषेवरून. तारा गरगर फिरत असला की त्याची एक कड आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते. रेषा फाकते, उथळ होते, शेजारच्या लोखंडाच्या रेषेत मिसळते. मग थोडं लिथियम असलं तरी मोजता येत नाही. वेगवान ताऱ्यांचे आकडे पुढे करून कुणी सिद्धांत मांडला, तर वाचकांनी ही मर्यादा आधी विचारावी.