बाळापूरचा कागद आणि यंत्राचे वाचन

मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरील बाळापूर किल्ल्यासाठी प्रसिद्ध असले, तरी मोगल काळात ते हातकागदासाठीही ओळखले जाई. हा कागद करताना लगद्याचे ताव वाळवून, त्यांना खळ लावून, गुळगुळीत दगडाने घोटले जात, म्हणून त्यावर काजळाची शाई पसरत नसे. बाळापूर ज्यात येते तो वऱ्हाड हा मोगल सुभा असल्याने, आणि पुढे 1853 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात जाईपर्यंत निजामाच्या राज्याचा भाग राहिल्याने, त्याचे बरेच जुने दफ्तर हैदराबादच्या पुराभिलेखागारात, बहुतांशी फारसीत आहे. भोसले आणि पेशवे यांचा या मुलखाशी आलेला संबंध मात्र मोडी लिपीत नोंदला गेला. एकाच परगण्याचा इतिहास असा दोन लिप्यांत आणि दूरच्या शहरांत विभागला गेला.

कागदांची छायाचित्रे संगणकावर आली म्हणजे ते खुले झाले, ही समजूत अपुरी आहे, कारण छायाचित्रातील मजकूर शोधता येत नाही. त्यासाठी हस्तलिखित ओळखणारी, म्हणजे असंख्य नमुन्यांवरून अक्षरांची वळणे शिकलेली, कृत्रिम बुद्धिमत्ता लागते. रुडकीच्या आयआयटीतील संशोधकांनी 2025 मध्ये मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी प्रणाली आणि तिच्यासाठी शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन लेखनाच्या दोन हजारांहून अधिक प्रतिमांचा संग्रह मांडला. फारसी शिकस्ता, म्हणजे कारकुनांचे तुटक, घाईचे वळण, मोडीहून अवघड, कारण त्यात नुकते, म्हणजे अक्षरांची टिंबे, वारंवार गाळलेले असतात; आणि यंत्राने चुकीचे वाचलेले गावाचे नाव शोधणाऱ्यास कधीच सापडत नाही, म्हणून जाणकार वाचकाची तपासणी येथे अनिवार्यच ठरते.