हानिकारक कार्यवर्तन : मानसिक कारणे

संस्थेला किंवा सहकाऱ्यांना अपाय करणारे कर्मचाऱ्यांचे हेतुपुरस्सर वर्तन. चोरी, मुद्दाम कामचुकारपणा, नासधूस, अफवा, सहकाऱ्याचा छळ ही त्याची रूपे. रागीट स्वभाव आणि दुबळा आत्मसंयम यांचा त्यात वाटा असतो. पण अन्यायाच्या जाणिवेच्या वाट्याचाही भक्कम पुरावा आहे. जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० मध्ये अमेरिकेतील कारखान्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन कारखान्यांत दहा आठवडे १५ टक्के वेतनकपात झाली. एका ठिकाणी व्यवस्थापनाने कारणे सविस्तर सांगून खेद व्यक्त केला, दुसरीकडे जुजबी घोषणा केली. दुसऱ्या ठिकाणी चोऱ्या बऱ्याच जास्त वाढल्या. वेतन पूर्ववत होताच त्या ओसरल्या. कपात तीच होती, वागणूक वेगळी होती.

संशोधक स्पेक्टर व फॉक्स यांच्या मते कामावरील ताणातून राग व चिंता उपजतात आणि परिस्थिती आपल्या हाती नाही असे वाटले की या भावना अपायाकडे वळतात. मात्र अन्याय सोसणारा प्रत्येक जण असे वागत नाही. उदाहरणार्थ, ग्वाल्हेरमधील बिर्लानगरची जे. सी. मिल ही कापडगिरणी १९९० च्या दशकात बंद पडली, तेव्हा थकीत देण्यांसाठी कामगारांनी वर्षानुवर्षे न्यायालयीन लढा दिला. दाद मागण्याचा विश्वासार्ह मार्ग उपलब्ध असणे हा घटक या विषयाच्या अभ्यासात अधिक लक्ष देण्याजोगा आहे.