नाकारलेला निबंध आणि एक टेबल

मागच्या व्याख्यानानंतर एक जुनी विद्यार्थिनी भेटली. आता संगणकक्षेत्रात आहे. वेब विकासकांच्या एका परिषदेनं वक्त्यांकडून प्रस्ताव मागवले होते. हिनं लिहिला, पण पाठवला नाही. म्हणाली, "सर, माझ्यापाशी नवं काय आहे? आणि नाकारला तर?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. ते आज देतो, इतिहासातून.

मार्च १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी माहितीच्या व्यवस्थापनावर एक टिपण लिहिलं. त्यातूनच पुढे वर्ल्ड वाइड वेब उभं राहिलं. १९९१ साली त्यांनी आणि सहकारी रॉबर्ट कायो यांनी हायपरटेक्स्टच्या परिषदेकडे निबंध पाठवला. परिषद डिसेंबरात, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला. निबंध नाकारला गेला! प्रात्यक्षिकापुरती जागा तेवढी मिळाली. दोघं गेले, टेबल मांडलं, येईल त्याला दाखवत राहिले.

मग परीक्षक अडाणी होते का? मुळीच नाही. त्यांच्या शास्त्रात दुवा दोन्ही टोकांनी सांभाळला जाणं, तो न तुटणं, याला मोल होतं. वेबचा दुवा एकतर्फी. पलीकडचं पान हललं की हा लटकला. त्या मापानं काम कच्चंच. पण याच कच्चेपणामुळे कुणालाही, कुणाची परवानगी न घेता, कुठल्याही पानाशी दुवा जोडता आला. आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं याला निकषांचा प्रश्न म्हणतो: नवी वस्तू अनेकदा आपलं माप सोबत घेऊन येते, आणि ते माप इतरांच्या हाती अजून पडलेलं नसतं.

पुढे ३० एप्रिल १९९३ ला सर्नने वेबचं तंत्र सर्वांसाठी खुलं केलं. मे १९९४ मध्ये वेबची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद सर्नमध्येच भरली. पुढाकार कायो यांचा. सुमारे ८०० जणांनी यायची इच्छा कळवली, सामावले ३८० च्या आसपास. म्हणजे नाकारण्याची पाळी आता यांच्यावर आली होती!

यातून नाकारलेला प्रत्येक प्रस्ताव थोर असतो, असं कृपया समजू नका. बहुतेक प्रस्ताव साधेच असतात, माझेही होते. मुद्दा वेगळा आहे. आपल्या कामाचं मोल ठरवायला परीक्षक चुकू शकतात, तसे आपणही चुकू शकतो. मग न पाठवणं म्हणजे काय? समोरच्याचं ऐकण्याआधी आपणच निकाल देऊन मोकळं होणं. परीक्षकांचा नकार आला, तर निदान टेबल मागता येतं. स्वतःच दिलेल्या नकारानंतर तेही मिळत नाही.

तेव्हा बाई, तू हे ऐकत असशील, तर पुढच्या वेळी पाठव.