निशाण, अलम, पताका : झेंड्याचा आकार काय सांगतो?

उर्दूतला 'निशान' आणि मराठीतलं 'निशाण' हा एकच फारसी शब्द. अर्थ : खूण, ओळख. झेंड्याचं मूळ काम तेच. लढाईच्या धुळीत हुकूम ऐकू येत नाही, पण उंच काठीवरचं कापड दिसतं. हिजरी ८ मध्ये (इ.स. ६२९) मुताच्या लढाईत हजरत झैद, हजरत जाफर आणि हजरत अब्दुल्लाह बिन रवाहा (रजि.) एकामागोमाग शहीद झाले. दर वेळी पुढच्याने झेंडा उचलला आणि अखेर तो हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांच्या हाती आला. झेंडा पडला तर फौज पांगली असती.

हदीसच्या किताबांत झेंड्यासाठी 'राया' आणि 'लिवा' असे दोन शब्द येतात. तिरमिझीतल्या रिवायतींप्रमाणे राया काळा आणि चौकोनी, तर लिवा पांढरा होता. हिरवा नव्हे! वर्गात हे सांगितलं की मुलं चकित होतात. चांदताराही नंतरचा, तो जगभर पसरला मुख्यतः उस्मानी सल्तनतीच्या झेंड्यामुळे.

मुघलांकडे झेंडा म्हणजे दर्जा. 'आईन-ए-अकबरी'त अलम, याकच्या शेपट्या लावलेले चत्रतोक व तुमानतोक, आणि हिंदुस्थानी झेंडा अशी वेगवेगळी नावं आहेत. तुमानतोक फक्त बड्या उमरावांना मिळे. माही-मरातिब हा आणखी एक मान. काठीवर माशाची आकृती. 'माही' म्हणजे मासा. १७९२ मध्ये महादजी शिंदे पुण्याला आले, तेव्हा बादशाह शाहआलमकडून पेशव्यांसाठी आणलेल्या मानचिन्हांत हा मासाही होता.

मराठ्यांचा भगवा झेंडा आणि जरीपटका, दोन्ही दोन टोकांचे. जरीपटका हत्तीवरून मिरवला जाई. त्या नावातली 'जरी' फारसीतूनच आली. युरोपात गंमत उलटी होती : साध्या सरदाराच्या भाल्याला शेपटीवाला निमुळता झेंडा असे. बढती मिळाली की ती शेपटी कापून झेंडा चौकोनी करत. म्हणजे शेपूट गेलं की मान वाढला!

आपल्या भागात हे सगळं अजून जिवंत आहे. खुटबावजवळच्या यवतला तुकोबांची पालखी मुक्कामाला येते, तेव्हा दिंडीत पुढे पताकावाले चालतात. त्यांची पताका त्रिकोणी, खांद्यावर पेलायला हलकी. मोहरममधला अलम मात्र कापडापेक्षा धातूचा, वर पंजा किंवा पात्यासारखा आकार. हैदराबादच्या बादशाही आशूरखान्यात कुतुबशाही काळातले अलम आजही आहेत. उरुसात दर्ग्यावर निशाण चढतं. आणि खुटबाव स्टेशनवर गाडी न थांबता जाते तेव्हा फलाटावरून दाखवलेला हिरवा झेंडा म्हणजे 'सगळं ठीक आहे'. तिथे रंग हीच भाषा.

ही भाषा नीट वाचता आली नाही की भांडणं होतात. उरुसाचा किंवा ईद-ए-मिलादचा हिरवा झेंडा पाहून कुणी 'पाकिस्तानचा झेंडा' म्हणून बोंब ठोकतो, व्हिडिओ फिरतो, पोरं पोलीस चौकीत बसतात. फरक साधा आहे. पाकिस्तानच्या गडद हिरव्या झेंड्याला काठीच्या बाजूला पांढरा उभा पट्टा असतो. आपल्या धार्मिक निशाणांना तो नसतो. बाजारातून तयार झेंडे आणताना आधी तो पट्टा बघा. तसला नग गठ्ठ्यात दिसला तर दुकानातच परत करा.

शेवटी तिरंगा. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२. मोहल्ल्यात कार्यक्रम असेल तर ध्वजसंहितेप्रमाणे दुसरा कोणताही झेंडा, मग तो हिरवा असो, भगवा असो की निळा, तिरंग्यापेक्षा उंच किंवा त्याच्या बरोबरीने लावायचा नाही. तिरंग्याची पताकांसारखी माळही करायची नाही. फाटलेला तिरंगा कचऱ्यात टाकू नये. तो संपूर्ण, खाजगीत आणि अदबीने, शक्यतो जाळून नष्ट करावा.