अतिदक्षता माहितीप्रणालींची बाजारपेठ : चंद्रपूर व गडचिरोली

अतिदक्षता विभागातील (आयसीयू) मॉनिटर, व्हेंटिलेटर, सिरिंज पंप आणि प्रयोगशाळा यांच्याकडून येणारे आकडे एकत्र करून रुग्णाचा तक्ता संगणकावर मांडणारी व्यवस्था म्हणजे अतिदक्षता माहितीप्रणाली. नाडी, रक्तदाब, श्वसन, रक्तातील प्राणवायू, सलाइन किती गेले, लघवी किती झाली हे परिचारिका एरवी दर तासाला कागदावर लिहितात. यातले बरेचसे काम प्रणाली आपोआप करते, शिवाय औषधांचे डोस तपासते व आजाराच्या गांभीर्याचे गुण काढते. रुग्णालयाच्या नेहमीच्या संगणकीकरणाचा संबंध केसपेपर, बिल आणि औषधभांडाराशी असतो. इथे मिनिटामिनिटाला बदलणारे आकडे सांभाळायचे असतात.

जगात ही बाजारपेठ मुख्यतः उपकरण-उत्पादकांच्या हाती वाढली. फिलिप्स, जीई, ड्रेगर या कंपन्या मॉनिटर विकत आणि त्याच्याबरोबर आपले सॉफ्टवेअरही. इस्रायलच्या आयएमडीसॉफ्टची ‘मेटाव्हिजन’ ही प्रणाली मात्र उपकरणे न विकता नावारूपाला आली. सॉफ्टवेअरचा परवाना, उपकरणे जोडण्याचा खर्च आणि वार्षिक देखभाल करार हे किमतीचे प्रमुख भाग. एका कंपनीचा व्हेंटिलेटर दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरशी सरळ बोलत नाही, त्यामुळे जोडणीचा खर्च अनेकदा अंदाजाबाहेर जातो आणि एकदा घेतलेली प्रणाली सोडणेही अवघड होते. दुरून देखरेखीचा, म्हणजे टेली-आयसीयूचा, धंदा अमेरिकेत १९९८ साली स्थापन झालेल्या व्हिसिकू या कंपनीने उभा केला. २००८ मध्ये फिलिप्सने ती विकत घेतली.

चंद्रपूर आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या जंगलव्याप्त जिल्ह्यांत मोठे गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे सरकार. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूरची लोकसंख्या सुमारे २२ लाख आणि गडचिरोलीची पावणेअकरा लाखांच्या आसपास होती. राज्याची वैद्यकीय खरेदी २०१७ पासून हाफकिन महामंडळाकडे एकवटली होती. पुढे २०२३ च्या कायद्याने त्यासाठी स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आले. याशिवाय जिल्हा नियोजन समितीचा निधी असतो आणि कोळशाच्या चंद्रपुरात जिल्हा खनिज प्रतिष्ठानचाही. हे सगळे पैसे डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंकडे ओढले जातात. व्हेंटिलेटरचे लोकार्पण होते, त्याला संगणकाशी जोडणाऱ्या तारेचे होत नाही. म्हणून सॉफ्टवेअर इथे बहुधा यंत्राच्या निविदेला चिकटून येते किंवा सरकारी प्रणालीच्या रूपाने येते: एनआयसीचे ‘ई-हॉस्पिटल’, सी-डॅकचे ‘ई-सुश्रुत’. त्यांचा पाया रुग्णनोंदणीचा आहे, अतिदक्षतेच्या तक्त्याचा नाही.

मागणी मात्र वाढत आहे. चंद्रपूरला २०१५ मध्ये आणि गडचिरोलीला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ऑक्टोबर २०२१ मधील केंद्राच्या आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियानात पाच लाखांहून अधिक वस्तीच्या जिल्ह्यांसाठी क्रिटिकल केअर ब्लॉकची तरतूद आहे. या निकषात दोन्ही जिल्हे बसतात.

या भागातली खरी रुजलेली डिजिटल नोंद सापडते ती नवजात बालकांच्या कक्षात. सरकारी रुग्णालयांतील विशेष नवजात दक्षता कक्षांसाठी (एसएनसीयू) युनिसेफच्या साहाय्याने मध्य प्रदेशात विकसित झालेली ऑनलाइन नोंदप्रणाली पुढे देशभर गेली. बाळाचे जन्मवजन, दाखल होण्याचे कारण, उपचार, सुटी, रेफर किंवा मृत्यू आणि नंतरचा पाठपुरावा तिच्यात भरला जातो. काटेकोरपणे पाहता ही अतिदक्षता माहितीप्रणाली नव्हे, नोंदवही आहे: बाळाला उबदार ठेवणाऱ्या वॉर्मरचे तापमान तिच्यात आपोआप उतरत नाही, कागदावरून कोणालातरी ते टाइप करावे लागते. पण ती विकत घ्यावी लागत नाही, आणि कक्षाबाहेर गेलेल्या बाळाचा विचार करते. महागड्या प्रणाली सहसा खाट रिकामी झाली की थांबतात.

या विचाराचे मूळ गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत आरोग्यदूत महिलांकडून घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. प्रत्येक बाळाचा छापील तक्ता हा त्या पद्धतीचा कणा होता. २०११ पासून ही पद्धत देशभर आशा कार्यकर्तींमार्फत राबवली जाते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे त्या ४२ दिवसांत सहा भेटी देतात.

टेली-आयसीयूला या भूगोलात सर्वाधिक अर्थ आहे आणि अडचणीही इथेच सर्वाधिक. गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने बंद होतो, तेव्हा नागपूरला रेफर करणे शक्य राहत नाही. अशा वेळी वीज आणि नेटही जाऊ शकते. म्हणून जोडणी तुटली तरी स्थानिक संगणकावर नोंद चालू ठेवणारी आणि नंतर ती वर पाठवणारी प्रणालीच इथे कामाची. केवळ क्लाउडवर चालणारी दुर्गम तालुक्यात निरुपयोगी ठरते.

दुसरी अडचण नोंदी जुळवण्याची. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने प्रत्येकाला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक देऊ केला आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अल्पवयीनांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक केली आहे. पण कक्षात आलेल्या बाळाला अद्याप नावही नसते. त्याची नोंद आईच्या नावाने, ‘अमुकचे बाळ’ अशी होते. नंतर आशाच्या वहीशी ती जुळवायची ती आईचे नाव, गाव आणि मोबाइल क्रमांक यांवरून. गडचिरोलीच्याच सिरोंच्याकडे आईचे नाव तेलुगू उच्चाराने सांगितले जाते, भामरागडकडे माडिया उच्चाराने, आणि भरणारा ते मराठी किंवा इंग्रजीत आपल्या कानाला लागेल तसे लिहितो. मोबाइल पुष्कळदा शेजाऱ्याचा असतो.