जुने द्यावे, नवे घ्यावे?

मंडळी, गेल्या रविवारी अमेरिकेहून नातवाचा फोन आला. स्वारी हिरमुसलेली. त्याच्या लाडक्या बेसबॉल संघाने जुनेजाणते खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन बदल्यात कोवळी पोरे घेतली होती. "आजोबा, हे बरोबर की चूक?" बेसबॉलमधले मला ओ की ठो कळत नाही. पण जुने किती ठेवावे आणि नवे किती घ्यावे, हा प्रश्न आमच्या क्रिकेटलाही पडला होता.

विजय मर्चंट तेव्हा निवड समितीचे अध्यक्ष होते. तरुणांना संधी द्यायची, हे त्यांचे धोरण. १९६९ साली अशोक मंकड, चेतन चौहान, एकनाथ सोलकर, विश्वनाथ असे नवे चेहरे एकामागून एक कसोटीत आले. कानपूरला विश्वनाथ पहिल्या डावात शून्यावर गेला आणि दुसऱ्या डावात त्याने १३७ केल्या. धोरण बरोबरच होते.

पुढे १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी अजित वाडेकर कप्तान झाले. वाडेकरांनी मात्र दिलीप सरदेसाई हवेतच, असा आग्रह धरला. मडगावचे सरदेसाई तेव्हा ३० वर्षांचे, आणि अनेकांच्या लेखी संपलेले. ३६ वर्षांचे सलीम दुराणीही संघात होते.

मी तेव्हा बी.ए.ला होतो. मालवणात पेपर उशिरा यायचा. शिळे धावफलक आम्ही ताज्या माशासारखे चवीने वाचायचो! किंग्स्टनला आपली अवस्था ५ बाद ७५. तिथून सरदेसाईंनी २१२ काढल्या. समोर २२ वर्षांचा सोलकर. दोघांची भागी १३७ धावांची. पोर्ट ऑफ स्पेनला सरदेसाईंच्या ११२, दुराणींनी दुसऱ्या डावात लॉइड आणि सोबर्स यांना बाद केले, आणि २१ वर्षांच्या गावसकरने पदार्पणातच ६५ आणि नाबाद ६७ केल्या. वेस्ट इंडिजवर आपला तो पहिला कसोटी विजय. मालिकेअखेर गावसकरच्या ७७४ धावा, सरदेसाईंच्या ६४२.

म्हणून 'जुने ते सोने' म्हणायला मात्र मी तयार नाही. त्याच दौऱ्यात अनुभवी जयसिंहांची बॅट फारशी चालली नाही. आणि तीनच वर्षांनी, १९७४ साली, लॉर्ड्सवर वाडेकरांचा संघ ४२ धावांत गारद झाला. त्या मालिकेनंतर वाडेकर पुन्हा कसोटी खेळले नाहीत. मागची पुण्याई कुणालाच फार दिवस पुरत नाही.

आमच्याकडे रापण ओढायला तरणे हात लागतात, पण जाळे कुठे टाकायचे हे जाणताच सांगतो. तेव्हा वय मोजू नये. नव्याच्या समोरच्या टोकाला कोण उभे राहणार, ते पाहावे.

हे शहाणपण मला उशिरा आले. शाळेचा कबड्डी संघ माझ्याकडे असताना एका वर्षी मी दहावीतल्या कप्तानाला बसवले आणि आठवीतली तीन पोरे घेतली. पुढच्या वर्षाची तयारी, दुसरे काय! पहिल्याच सामन्यात पोरे बावरली आणि आम्ही हरलो. पुढच्या वर्षी तीच पोरे तालुक्यात पहिली आली, तेव्हा माझी निवड अचूक होती असे सगळे म्हणाले. पण दहावीतल्या त्या मुलाला पुढचे वर्षच नव्हते. शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला आला, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही. हिशेब करताना मी त्याला धरलेच नव्हते.

नातवाला एवढेच सांगितले : "बाळा, संघ यंदा जिंकण्यासारखा नसेल, तर नवी पोरे जरूर घ्यावीत. पण एखादा सरदेसाई ठेवावा. आणि जे गेले, त्यांच्यासाठी तू वाईट वाटून घेतोस, यात काही चूक नाही."

तुमचे काय मत? जरूर कळवा.